ड्रम स्मोकरमध्ये दिवसभराची धुरी : कोळसा आणि पाण्याचा हिशेब

बोकडाची अख्खी मांडी किंवा फरा मंद आचेवर पाच-सहा तास धुरीत शिजवायचा, तर मसाल्याच्या आधी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत : टोपलीतला कोळसा आणि परातीतलं पाणी. बहुतेक जण या दोन्हींकडे वेगवेगळं बघतात. कोळसा कमी वाटला की कोळसा टाकतात, पाणी आटलं की पाणी ओततात, आणि दिवसभर आच वर-खाली होत राहते. खरं तर परातीतल्या प्रत्येक लिटर पाण्याची वाफ कोळशाच्याच जिवावर होत असते. एकाला हात लावला की दुसरं हलतं. म्हणून दोघांचा हिशेब सकाळीच, एकत्र मांडायचा.

विदर्भातल्या माणसाला हे अवघड जाऊ नये. रोडगे करताना आपण गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू देतो आणि मगच निखाऱ्यात गोळे सारतो. जाळावर रोडगा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. स्मोकरमध्ये हीच समज सहा तास टिकवायची आहे.

खालची पद्धत २०० लिटरच्या लोखंडी ड्रमपासून गावच्या वेल्डरकडून बनवून घेतलेल्या स्मोकरसाठी आहे. तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, तिच्यावर पाण्याची परात, वरच्या भागात मांसाची जाळी, खाली झडपा असलेली हवेची दोन-तीन भोकं, कोळशाच्या आणि परातीच्या उंचीवर बाजूचं छोटं दार आणि झाकणावर धुराडं. विकतच्या बुलेट स्मोकरलाही हेच सगळं लागू होतं.

ड्रम आणि जागा

कीटकनाशकाचा किंवा कुठल्याही रसायनाचा ड्रम कितीही धुतला, तापवला तरी वापरू नका. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या विषाचा नुसता तुषार अंगावर आला तरी माणूस आडवा होतो, त्याच्या भांड्यात जेवण शिजवायचं नाही. खाद्यतेलाचा किंवा कोरा ड्रम घ्या. आत लाखेचा थर किंवा रंग असेल तर पहिल्यांदा नुसता लाकडांचा मोठा जाळ करून तो पूर्ण जाळून टाका आणि तारेच्या ब्रशने घासून काढा. कोळशाच्या टोपलीसाठी जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे जीआयची जाळी नको. निखाऱ्यांच्या उष्णतेत जस्ताचा धूर निघतो आणि तो घातक असतो. साधी काळी लोखंडी जाळी घ्या. टोपली सुमारे ४० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर उंच असली की दिवसभराचा कोळसा एकाच वेळी मावतो. टोपलीखाली राख पडायला ८-१० सेंटीमीटर मोकळी जागा हवीच. वेल्डर ही जागा हमखास कमी ठेवतो, तेव्हा माप उभं राहून घ्या.

स्मोकर उघड्यावर, कुटाराच्या ढिगापासून, कडब्याच्या गंजीपासून आणि कापूस साठवलेल्या खोलीपासून लांब ठेवा. गोठ्यात, ओसरीच्या बंद कोपऱ्यात, पावसातसुद्धा आत नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, त्यामुळे माणसाला कळायच्या आत गुंगी येते.

कोळसा कोणता

आपल्याकडे कोळसा म्हटलं की चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणी आठवतात. तो दगडी कोळसा. त्यात गंधक असतं, जळताना डांबरट वाफा निघतात आणि त्या थेट मांसावर बसतात. फुकट मिळाला तरी तो स्मोकरजवळ आणू नका. लागतो तो लाकडी कोळसा, इस्त्रीवाले आणि तंदूरवाले वापरतात तोच. बाभळीचा सगळ्यात चांगला : जड, टिकाऊ आणि आच एकसारखी देणारा.

पोतं घेताना चार तुकडे एकमेकांवर आपटून बघा. नीट पिकलेला कोळसा खणखणतो. थपथप आवाज आला तर तो ओला तरी आहे किंवा भट्टीत अर्धवट राहिलेला आहे. आतून तपकिरी दिसणारे तुकडे बाजूला काढा. ते अजून निम्मे लाकूडच असतात, त्यांचा धूर कडू आणि डोळे झोंबवणारा. पोत्याच्या तळाची चुरी चाळून टाका, ती हवेच्या वाटा बुजवते. पावसाळ्यात पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर, प्लास्टिकने झाकून ठेवा आणि आदल्या दिवशी ऊन मिळालं तर कोळसा वाळत घाला. ओला कोळसा तडतडतो आणि पेटायला दुप्पट वेळ घेतो.

किती लागेल? झाकण आणि झडपा घट्ट बसत असतील तर ११०-१२० अंशांवर तासाला साधारण ४००-५०० ग्रॅम. सहा तासांना अडीच-तीन किलो पुरतो, पण टोपलीत चार किलो भरा. उरलेला वाया जात नाही, मध्ये टाकावा लागणारा मात्र त्रास देतो. झाकणाच्या फटीतून धूर येत असेल तर त्याच फटीतून हवाही खेचली जाते. मग झडपा बंद ठेवूनही आच तुमचं ऐकत नाही. अशा वेळी झाकणाच्या कडेला गव्हाच्या कणकेची वळी लावून दाबा. दुरुस्ती होईपर्यंत एवढं काम भागतं.

धुरासाठी मुठीएवढे तीन-चार लाकडाचे तुकडे पुरतात. वरूड, मोर्शी, काटोलकडे संत्र्याच्या बागेत सल काढल्यावर पडलेल्या फांद्या यासाठी फार छान. पेरू आणि आंब्याचंही लाकूड चालतं. संत्र्याचा बुंधा घेऊ नका, त्याला बोर्डो मलम लावलेला असतो आणि त्यात मोरचूद असतं. वरच्या फांद्या घ्या, अलीकडे फवारणी झालेली बाग टाळा, लाकूड सावलीत पाच-सहा महिने सुकू द्या. कडुलिंब, निलगिरी आणि रंग लावलेलं लाकूड वर्ज्य. पऱ्हाटीसुद्धा नको, हंगामभर तिच्यावर औषध पडलेलं असतं. लाकूड पाण्यात भिजवून टाकायची जी पद्धत सांगतात, तिचा उपयोग नाही. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं, मग पांढरा धूर आणि शेवटी कोरडं होऊन तसंच जळतं.

परातीतलं पाणी नेमकं काय करतं

वाफ मांसात शिरून त्याला रसाळ करते, असा एक समज आहे. मांस बाहेरून पाणी पीत नाही. परातीचं काम वेगळं आहे आणि ते समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पाणी उकळू लागलं की १०० अंशांच्या वर जात नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, तिथं ते ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे कोळसा आणि मांस यांच्यामध्ये एक असा पडदा तयार होतो, ज्याचं तापमान ठरलेलं आहे. निखारे थोडे भडकले तर जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, मांसापर्यंत धक्का पोचत नाही. शिवाय निखाऱ्यांची थेट झळ अडते आणि टपकणारी चरबी कोळशावर न पडता पाण्यात पडते, त्यामुळे करपट धूर होत नाही. ओलसर हवेत मांसाचा वरचा थर लवकर कडक होत नाही आणि त्यावर धूरही चांगला धरतो. बोकडाच्या मांसात चरबी कमी असते, त्यामुळे पहिल्या तीन-चार तासांत याचा खरा फायदा दिसतो.

आता किंमत. एक लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ व्हायला सुमारे २.५ मेगाज्यूल उष्णता लागते. चांगला लाकडी कोळसा किलोला साधारण ३० मेगाज्यूल देतो. म्हणजे दर लिटरला ८०-८५ ग्रॅम कोळसा, आणि बरीचशी उष्णता पत्र्यातून व धुराड्यातून निघून जात असल्यानं प्रत्यक्षात त्याहून जास्तच. दिवसात पाच लिटर आटवले तर अर्धा किलो कोळसा नुसत्या वाफेवर गेला असं धरा. पाण्यानं आच स्थिर होते ती अशी, कोळसा खाऊन. टँकरची वाट बघणाऱ्या गावात तर पाण्याची किंमत आणखी वेगळी. म्हणून परात दिवसभर काठोकाठ भरलेली असावी, हा आग्रह मी धरत नाही.

परात स्टीलची, सहा-सात लिटरची, ड्रमच्या व्यासापेक्षा १० सेंटीमीटर तरी लहान असावी. चारी बाजूंनी उष्णता वर यायला वाट हवी. लोखंडी घमेलं चालतं. जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, टाळा, कारण पाणी संपल्यावर तो निखाऱ्यांवर वाकतो आणि त्याला भोक पडतं. पाणी कुठलंही चालेल. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं खारट पाणीसुद्धा, कारण क्षार वाफेबरोबर जात नाहीत, परातीच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतात. प्यायचं गोडं पाणी यात घालू नका. पाण्यात संत्र्याच्या साली, मसाला किंवा ताक घालून मांसाला चव येते असंही सांगितलं जातं. मांसापर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच पोचत नाही. तो मसाला थेट मांसाला चोळा.

पेटवण्यापासून पहिला तास

संध्याकाळी सातला पंगत बसवायची असेल तर सकाळी दहाला पेटवा. दोन किलोच्या मांडीला ११०-१२० अंशांवर साधारण पाच ते सात तास लागतात, शिवाय नंतर मुरायला एक तास.

टोपलीत कोळसा न पेटवता भरा : मोठे तुकडे खाली, लिंबाएवढे फटींमध्ये, लाकडाचे तुकडे अधूनमधून पुरलेले. मधोमध वाटीएवढा खळगा ठेवा. पत्र्याच्या एका डब्याला खालून भोकं पाडून त्यात वीसेक मध्यम तुकडे घाला आणि तुराट्यांच्या जाळावर पेटवा. तुराट्या झटकन पेटतात आणि मागे काही ठेवत नाहीत, यासाठी त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचा वास दिवसभर जात नाही, आणि जिवाला धोका वेगळा. तुकड्यांवर राखाडी थर आला की ते निखारे त्या खळग्यात ओता. आता आग मधून बाहेर, वरून खाली हळूहळू सरकत जाईल आणि न पेटलेला कोळसा आपली पाळी येईपर्यंत थांबून राहील. सगळा कोळसा एकदम पेटवला तर दोन तासांत संपतो आणि त्या दोन तासांत आच कुणाच्याच हातात राहत नाही.

परात बसवा आणि तिच्यात तीन-चार लिटर उकळतं पाणी ओता. झाकण लावा, धुराडं पूर्ण उघडं, खालच्या झडपाही उघड्या. पहिला दाट पांढरा धूर जाऊ द्या. मांस तोपर्यंत आत ठेवायचं नाही. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा झाला की मांस चढवा.

आता लक्ष फक्त खालच्या झडपांवर. थर्मामीटर मांसाच्या जाळीच्या उंचीवर हवा. झाकणावरची तबकडी २०-३० अंशांनी सहज चुकते. ती आणि आतला काटा, दोन्ही एकदा उकळत्या पाण्यात बुडवून तपासून घ्या. तापमान ९५ ला पोचलं की झडपा आवळायला सुरुवात करा. ११० होईपर्यंत थांबलात तर ते १४० वर जाऊनच थांबेल. पेटलेला कोळसा परत विझवणं फार हळू होतं, वाढवणं मात्र सोपं. बहुतेक ड्रममध्ये शेवटी एकच झडप अर्धी उघडी पुरते. एकदा बदल केला की पंधरा मिनिटं थांबा, मगच दुसरा. धुराड्याला हात लावू नका. ते आवळलं तर धूर आत कोंडतो आणि मांसावर काजळीचा कडू थर बसतो.

मधले तास

झाकण उघडू नका. उघडलं की आतली उष्णता जाते हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे कोळशाला भरपूर हवा मिळते आणि झाकण लावल्यावर दहा मिनिटांनी आच उसळते. पाणी, राख, कोळसा, सगळं बाजूच्या दारातून बघायचं, पटकन.

पाणी तासाला अर्धा ते एक लिटर जातं. पहिल्यांदा दोन तासांनी बघा, तुमच्या ड्रमचा वेग तेव्हा कळेल. परात निम्मी झाली की भरा, आणि पुन्हा सांगतो, उकळत्या पाण्याने. शेजारी चुलीवर गंज चढवून ठेवा. तीन लिटर गार पाणी ओतलं तर ते तापेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सगळी आच तेच पितं. माणूस घाबरून झडपा उघडतो, कोळसा भडकतो, आणि पाणी उकळायला लागलं की तापमान वर पळतं. दिवसभराचा गोंधळ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. ओतताना लांब नळीचं नरसाळं वापरा. पाणी निखाऱ्यांवर सांडलं तर राख उडून मांसावर बसते.

गार पाण्याचा उपयोग एकाच वेळी : आच १४० च्या वर गेली आणि झडपा बंद करूनही उतरत नसेल, तर लिटरभर गार पाणी परातीत घाला.

आता उलट लक्षण. काही न करता तापमान अचानक २०-३० अंशांनी वाढलं आणि करपलेल्या चरबीचा वास आला, तर परात कोरडी पडली आहे. अशा वेळी आधी झडपा बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग थोडं थोडं उकळतं पाणी बाजूने सोडा. तापलेल्या चरबीवर एकदम पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं, ही भाजण्याची सगळ्यात मोठी शक्यता आहे. तोंड दारासमोर आणू नका.

तापमान हळूहळू घसरत असेल तर लगेच कोळसा घालू नका. चार-पाच तासांनंतर बहुतेक वेळा राखेनं जाळी बुजलेली असते. लोखंडी सळईने टोपली खालून दोन-तीनदा हलवा आणि दहा मिनिटं वाट बघा. तरीही चढलं नाही, तेव्हाच कोळसा. तोही डब्यात वेगळा पेटवून, निखारे झाल्यावर. कच्चा कोळसा मध्येच टाकला की पुन्हा पांढरा धूर सुरू होतो, आणि एवढा वेळ शिजलेल्या मांसाला तो नको.

मांसाच्या आतलं तापमान ६५-७० अंशांना येऊन तास-दीड तास तिथंच अडून बसतं. लहान तुकड्यात हे कमी जाणवतं, मोठ्या फऱ्यात नक्की दिसतं. मांसातून बाहेर येणारं पाणी वाफ होताना त्यालाच थंड करत असतं, म्हणून असं होतं. कोळसा वाढवायची गरज नाही.

गुंडाळल्यावर पाणी थांबवा

रंग गडद लाल-तपकिरी झाला की मांस पळसाच्या स्वच्छ धुतलेल्या पानांच्या दोन थरांत गुंडाळून वरून अॅल्युमिनियम फॉइल घट्ट लावा. एकदा गुंडाळलं की ड्रममधली हवा ओली आहे की कोरडी, याचा मांसाशी संबंध उरत नाही. इथून पुढे पाणी भरणं म्हणजे कोळसा आणि पाणी दोन्ही फुकट घालवणं. परातीत तळापुरतं पाणी राहू द्या, चरबी जळू नये एवढंच. आच आपोआप थोडी वाढेल, तेवढी झडप आवळा. या टप्प्यावर १३० अंशही चालतं.

पाण्याची टंचाई असेल तर आणखी एक मार्ग आहे : परातीत धुऊन वाळवलेली नदीची रेती भरून वर फॉइल पसरा. रेती उष्णता धरून ठेवते, झळ अडवते आणि कोळसा कमी लागतो. पाण्याइतकी ती चूक सांभाळून घेत नाही, म्हणून झडपेवर जास्त लक्ष हवं. ज्याचा हात बसला आहे त्यानं मे महिन्यात रेतीच वापरावी. मांस थोडं लवकर गुंडाळलं की ओलाव्याची उणीव भासत नाही.

आत ९० ते ९३ अंश झालं आणि हाड हाताने सहज फिरलं, की उतरवा आणि गुंडाळलेलंच गोधडीत किंवा बंद डब्यात तासभर ठेवा. गावरान कोंबडीला इतका वेळ नको. तिचं आतलं तापमान सगळीकडे ७४ अंशांच्या वर गेलं पाहिजे, मग ती पुढे किती मऊ करायची ते तुमच्यावर.

ऋतू

मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढेही जातो आणि उन्हातला पत्रा आधीच तापलेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे निखारे निम्मेच घ्या. खरी अडचण लू. वारा झडपेतून आत घुसला की कोळसा फुंकल्यासारखा पेटतो. उघडी झडप वाऱ्याच्या पाठीला ठेवा आणि तट्ट्याऐवजी टिनाचा आडोसा करा, तट्ट्या पेटतो. कच्चं मांस या दिवसांत चढवायच्या क्षणापर्यंत बर्फात हवं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पाऊस असणारच. ड्रमवर उंच छत करा, चारही बाजू उघड्या. पत्र्यावर थेट पाऊस पडला तर तापमान धडाधड उतरतं. हिवाळ्यात कोळसा अर्धा-पाऊण किलो जास्त धरा.

शेवटी

मांस काढल्याबरोबर सगळ्या झडपा आणि धुराडं बंद करा. हवा मिळाली नाही की कोळसा विझतो, सकाळपर्यंत ड्रम थंड होतो. पाणी ओतून विझवू नका, कोळसाही जातो आणि ओल्या राखेनं पत्रा गंजतो. परातीतलं चरबीचं पाणी मोरीत किंवा नालीत न ओतता थंड होऊ द्या, वरची थिजलेली चरबी राखेत कालवून खोल पुरा, नाहीतर रात्री कुत्री ड्रम पाडतात. उरलेला कोळसा चाळून कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी पेटवायच्या डब्यात तोच घाला, एकदा जळलेला कोळसा लवकर धरतो आणि धूरही कमी करतो.